चीनची मंदी, बेंगळुरूचा रस्ता आणि आपला पी.एफ.

(बेंगळुरू येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय पत्रकावर वाचून काही जणांनी आम्हाला विचारले, "भाऊ, चीनमध्ये मंदी आली तर आपल्या ट्रॅकमनचे आणि पोस्टमनचे काय बिघडते?" प्रश्न रास्त आहे. आम्ही मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलेली माणसे. अर्थशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पण इतकी वर्षे चळवळीत राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. पैशाचा बाजार कुठेही कोसळो, त्याचा शेवटचा हप्ता कामगाराच्या घरातून वसूल होतो.

ज्या शहरात आपण आज जमलो आहोत ते शहर तर जगाच्या बाजाराला दोरीने बांधलेले आहे. इथे लाखो बायाबापड्या परदेशी दुकानांसाठी शर्ट-पँट शिवतात. इथली शिकलेली पोरे अमेरिकेच्या कंपन्यांचे संगणकावरचे काम करतात. इथून पासष्ट-सत्तर किलोमीटरवर कोलारकडे परदेशी मोबाइल फोन जोडले जातात. तिकडची मागणी थांबली की इकडची पाळी थांबते. आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर हा अनुभव चीनने घेतला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. ती ठेच कशी लागली हे समजून घ्यायला आपण बसलो आहोत.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आर्थिक संकटात एखादा देश शांत राहतो की रस्त्यावर येतो, हे विकासदराच्या आकड्यावर ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरते. कामगाराचा पगार वेळेवर हातात पडतो का? त्याने म्हातारपणासाठी, अडीनडीसाठी बाजूला ठेवलेला पैसा सुरक्षित आहे का? आणि त्याचे म्हणणे मांडायला त्याची स्वतःची संघटना आहे का? चीनने हे दाखवून दिले आणि बेंगळुरूनेही दाखवून दिले.

संकट जनरल डब्यातून येते

२००८ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स नावाची दीडशे वर्षांहून जुनी पेढी बुडाली. ऐपत नसलेल्या लोकांना घरासाठी कर्जे द्यायची, त्या कर्जांचे कागद पुन्हा बाजारात विकायचे आणि त्या कागदांवर आणखी कर्ज उचलायचे, असा तो धंदा होता. घरांच्या किमती पडल्या आणि सगळा डोलारा खाली आला. बँका एकमेकींवर विश्वास ठेवेनात. अमेरिकेतल्या दुकानदाराने खेळणी, बूट, कपडे यांच्या ऑर्डरी कमी केल्या. ज्या चीनमध्ये हा माल तयार होत होता त्याची निर्यात नोव्हेंबर २००८ मध्ये घटली. सात वर्षांत असे प्रथमच घडत होते.

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात डोंगग्वान नावाचे औद्योगिक शहर आहे. तेथील 'स्मार्ट युनियन' नावाचा खेळण्यांचा मोठा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये बंद पडला. सुमारे सात हजार कामगार एका दिवसात उघड्यावर पडले. पगार थकलेले होते. कामगार फाटकावर जमले, मग स्थानिक सरकारी कचेरीसमोर जमले. शेवटी थकलेला पगार स्थानिक सरकारला आपल्या तिजोरीतून द्यावा लागला.

चीनच्या कारखान्यांतले हे कामगार बहुतेक खेड्यातून आलेले असतात. तिथे माणसाची नोंदणी जन्मगावाशी जोडलेली असते. तिला 'हुकोऊ' म्हणतात. आपल्याकडे एका गावचे रेशनकार्ड दुसऱ्या गावात चालत नसे, तसाच हा प्रकार समजा. फरक एवढाच, की त्या नोंदणीवर मुलांची शाळा, दवाखाना, घर, सगळेच अवलंबून असते. म्हणून शहरात दहा वर्षे राबलेला कामगारही शहराचा होत नाही. काम गेले की गाडी पकडून गावी, एवढाच मार्ग.

हे लोक एरवी त्यांच्या वसंतोत्सवाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, गावी जातात. २००८ च्या अखेरीस मात्र सणाच्या कित्येक आठवडे आधीपासून गाड्या भरून जाऊ लागल्या. आपल्याला हे दृश्य समजावून सांगायला नको. सणासुदीची गर्दी आणि काम सुटलेल्या माणसांची गर्दी यांतला फरक रेल्वेवाल्याला सामानावरून कळतो. सणाला जाणारा पिशवी घेऊन जातो. काम सुटलेला गादी, बादली आणि स्टोव्ह घेऊन जातो. फेब्रुवारी २००९ मध्ये चीन सरकारच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आकडा जाहीर केला. बाहेरगावी कामाला गेलेल्या तेरा कोटी ग्रामीण कामगारांपैकी सुमारे दोन कोटींची कामे गेली होती.

गेले फक्त काम नव्हे. दरमहा गावी जाणारे पैसेही थांबले. इथे बसलेल्या टपाल खात्यातल्या बंधूंना याचा अर्थ लगेच कळेल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. त्या संपाची झळ परळ-लालबागला लागली तशीच रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आणि साताऱ्याच्या खेड्यांनाही लागली, कारण तिथली चूल मनीऑर्डरीवर पेटत होती. चीनमधल्या खेड्यांचे तेच झाले. त्यातल्या त्यात एक आधार होता. गावच्या वाटणीची थोडी जमीन बहुतेकांकडे शिल्लक होती. त्या तुकड्यावर पोट कसेबसे भरले, म्हणून तेव्हा मोठा भडका उडाला नाही.

सरकारने काय केले

चीनचा विकासदर २००७ साली १४ टक्क्यांच्या घरात होता. २००९ च्या पहिल्या तिमाहीत तो ६ टक्क्यांच्या आसपास आला. आपल्याला सहा टक्के म्हणजे बरेच वाटतील. पण दरवर्षी कोट्यवधी तरुण शहरात कामासाठी येत असताना आठ टक्क्यांच्या खाली गेलो तर शांतता टिकणार नाही, असे त्या सरकारचे गणित होते. म्हणून ९ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. रेल्वे, रस्ते, पूल, वीज, गरिबांची घरे आणि त्याच वर्षी मे महिन्यात भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सिचुआन प्रांताची उभारणी, यांवर दोन वर्षांत हा पैसा खर्चायचा होता. खेड्यातल्या माणसाने टी.व्ही., फ्रीज घेतला तर किमतीच्या १३ टक्के सरकार भरत होते. बँका सरकारी होत्या. कर्ज द्या म्हटले, त्यांनी दिले. विकासदर सावरला आणि २०१० मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर गेला.

यात आपल्या धंद्याचा मोठा वाटा होता. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ते त्यानजिन ही वेगवान गाडी सुरू झाली आणि मंदीच्या काळात रेल्वेत पैसा ओतला गेला. २०२४ च्या अखेरीस चीनमधले वेगवान रेल्वेमार्ग ४८ हजार किलोमीटरच्या घरात पोचले होते. मंदीत नोकरकपात करण्याऐवजी सार्वजनिक कामे काढायची, हे धोरण आम्हाला मान्य आहे. आपल्या महाराष्ट्रानेही १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी माणसे जगवली. संकटात सरकारी बँक आणि सरकारी रेल्वे किती कामाला येते, हे चीनने जगाला दाखवले. जे रोज उठून खाजगीकरणाचे गोडवे गातात त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण बंधूंनो, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २३ जुलै २०११ रोजी वेनझोऊजवळ दोन वेगवान गाड्या एकमेकींवर आदळून ४० माणसे मेली. वीज पडून सिग्नलची यंत्रणा बिघडली आणि पुढे गाडी उभी असताना मागच्या गाडीला मार्ग मोकळा दाखवला गेला. सिग्नलच्या यंत्रणेच्या रचनेतच दोष होता आणि सुरक्षेचे काम ढिले होते, असे सरकारी चौकशीनेच म्हटले. त्यांचे रेल्वेमंत्री त्याआधीच भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पदावरून गेले होते. २०१३ मध्ये रेल्वे मंत्रालयच मोडून त्याचे महामंडळ करण्यात आले. रेल्वेवरचे कर्ज आज ६ लाख कोटी युआनच्या आसपास आहे. सिग्नल आणि रुळावर काम करणाऱ्या आपल्या माणसांना यातला धडा वेगळा सांगायला नको. तारीख गाठण्यासाठी काम रेटले की त्याची किंमत कोणीतरी जिवाने मोजतो.

शिवाय हा पैसा ओतला जात असतानाच कामगाराच्या ताटातून थोडे काढूनही घेतले जात होते. १७ नोव्हेंबर २००८ रोजी किमान वेतनाची वाढ थांबवण्याचा हुकूम निघाला. अडचणीतल्या कारखान्यांना कामगारांच्या विम्याचा आणि पेन्शनचा हप्ता पुढे ढकलण्याची सवलत मिळाली. हे ऐकून आपल्याला काही आठवले असेल. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या नावाने आपला महागाई भत्ता गोठवला गेला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते थांबले आणि अठरा महिन्यांची थकबाकी हातात पडली नाही. त्याच वर्षी कर्नाटकात किमान वेतनावरचा महागाई भत्ता लांबणीवर टाकला गेला आणि कपडे शिवणाऱ्या बायांना त्यासाठी हायकोर्टापर्यंत जावे लागले. देश वेगळा, झेंडा वेगळा, पण संकटात हात आधी मजुरीवर पडतो, ही रीत सगळीकडे एकच.

तोंड बांधले की हात चालतात

चीनमध्ये संपाचा हक्क १९८२ साली राज्यघटनेतून काढून टाकण्यात आला. कायदेशीर संघटना एकच, सरकारमान्य. तिची सभासदसंख्या कोट्यवधींची आहे, पण कारखान्याच्या पातळीवर तिचा पदाधिकारी पुष्कळदा व्यवस्थापनाचाच माणूस असतो. मग कामगाराने दाद मागायची कोणाकडे?

२००८ साली तिथे नवा कामगार करार कायदा लागू झाला आणि लवादाकडे जाणे फुकट झाले. त्याच वर्षी मंदी आली. परिणाम असा, की लवादाकडे आलेली प्रकरणे आदल्या वर्षीच्या सुमारे साडेतीन लाखांवरून ६ लाख ९३ हजारांवर गेली. दार किंचित उघडताच दुप्पट माणसे आत शिरली, म्हणजे बाहेर किती साचले होते पाहा.

मंदी ओसरल्यावर, मे २०१० मध्ये, फोशान शहराजवळ नानहाय येथील होंडाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात संप झाला. कामगार दोन हजारांच्या आत. पण तिथले भाग अडले म्हणून होंडाचे मोटारी जोडणारे चीनमधले कारखाने थांबले. त्या संपात स्थानिक संघटनेची माणसे कामगारांच्या अंगावर गेली आणि झटापट झाली. ज्या संघटनेने कामगाराची ढाल व्हायचे, तिनेच हात उगारला! मागाहून त्या संघटनेला जाहीर पत्र काढून माफी मागावी लागली आणि कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली. त्या वर्षी चीनमधल्या बहुतेक प्रांतांनी किमान वेतन वाढवले. सरकारने आपण होऊन दिलेले हे दान नव्हते. कामगारांनी ते मिळवले होते.

पुढे एप्रिल २०१४ मध्ये डोंगग्वानच्या युए युएन या बुटांच्या कारखान्यात चाळीस हजारांच्या आसपास कामगारांनी काम थांबवले. कारण काय? पगार नव्हे. कंपनीने त्यांच्या सामाजिक विम्याचा आणि घरनिधीचा हप्ता वर्षानुवर्षे कमी भरला होता. निवृत्तीला आलेल्या कामगारांनी हिशेब पाहिला तेव्हा ते उघडकीस आले. लक्षात घ्या, चीनमधल्या गेल्या काही दशकांतल्या सर्वांत मोठ्या संपांपैकी एक हा म्हातारपणाच्या पैशासाठी झाला.

आणि सरकारने यावर काय केले? थोडे दिले आणि पुष्कळसे दाबले. २०११ च्या अर्थसंकल्पात अंतर्गत सुरक्षेसाठी ठेवलेली रक्कम संरक्षणाच्या रकमेपेक्षा मोठी होती. शत्रूपेक्षा स्वतःच्या जनतेवर नजर ठेवायला जास्त पैसा लागत असेल, तर ती शांतता किती महाग पडते याचा विचार करा.

आम्ही चीनची निंदा करायला उभे नाही. त्या देशाने कोट्यवधी माणसे दारिद्र्यातून वर काढली, हे जग मान्य करते. पण त्याच देशात १९९८ ते २००३ या काळात सरकारी कारखान्यांतून २ कोटी ८० लाख कामगार घरी बसवले गेले. जन्मभराची हमी असलेल्या नोकरीला ते 'लोखंडी वाडगा' म्हणत. तो वाडगा फुटला तेव्हा २००२ च्या मार्चमध्ये दाचिंगचे तेल कामगार आणि लियाओयांगचे कारखाना कामगार रस्त्यावर आले. कायमची नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे आपल्यापैकी ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट घरी सांगावी.

२००८ मध्ये भारत कसा तरला

२००८ मध्ये मंदी आपल्याकडेही आली. मुंबईचा शेअर निर्देशांक वर्षाच्या सुरुवातीला २१ हजारांवर होता, तो ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली गेला. सुरतेत हिरे घासणारे हात रिकामे झाले. केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत सुमारे पाच लाख रोजगार गेले. त्यात कापड, दागिने, मोटारी, संगणक या धंद्यांतले लोक होते.

तरी देश बुडाला नाही. का? बँकांचा मोठा भाग १९६९ पासून राष्ट्रीयीकृत होता. रोजगार हमी कायदा १ एप्रिल २००८ पासून सर्व जिल्ह्यांत लागू झाला होता. शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली होती. आणि सहावा वेतन आयोग ऑगस्ट २००८ मध्ये मंजूर होऊन त्याची थकबाकी दोन वर्षांत वाटली गेली. म्हणजे ज्या पगारवाढीला वर्तमानपत्रांनी 'तिजोरीवरचा बोजा' म्हटले, तोच पैसा रेल्वे आणि टपाल कामगारांच्या खिशातून वाण्याच्या, शिंप्याच्या, सायकलवाल्याच्या गल्ल्यात गेला आणि बाजार तगला. आपल्याला कोणी बोजा म्हटले, तर हे उत्तर तयार ठेवा.

बेंगळुरूच्या बाया

आता या शहराकडे येऊ. १० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. नोकरी सुटल्यावर कामगाराला पी.एफ.मधला स्वतःचा वाटा मिळेल, पण मालकाचा वाटा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असे तिच्यात होते. दिल्लीच्या कचेरीत बसून पाहिले तर नियम चांगला. म्हातारपणाची सोय होते.

पण शिवणकामाच्या कारखान्यातली बाई ५८ वर्षांपर्यंत मशीनवर बसते का? तासाला इतके नग, हा हिशेब तिच्या डोक्यावर बसलेला असतो. पाठ जाते, डोळे जातात. पस्तिशी-चाळिशीत काम सुटते. नोकरी सोडताना मिळणारा पी.एफ. हीच तिची एकरकमी कमाई. त्यातून सावकाराचे कर्ज फिटते, मुलीचे लग्न होते, गावच्या घरावर पत्रे पडतात. तोच पैसा अडवला जाणार, ही बातमी कारखान्याकारखान्यांत पसरली.

१८ एप्रिल २०१६ रोजी बोम्मनहळ्ळीजवळ होसूर रस्त्यावर बाया उतरल्या. दुसऱ्या दिवशी तुमकूर रस्ता, पीण्या, जालहळ्ळी, हेब्बगोडी, सगळीकडे हजारोंच्या संख्येने कामगार बाहेर आले. शहर थांबले. लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला, बसगाड्या जळाल्या. जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण १९ एप्रिललाच केंद्रीय श्रममंत्र्यांनी ती अधिसूचना मागे घेतली. दोन महिने निवेदनांनी जे झाले नाही ते दोन दिवसांत झाले.

यातली विचार करण्यासारखी गोष्ट ही, की या बायांना कोणत्याही मोठ्या युनियनने बोलावले नव्हते. बहुतेक जणी कोणत्याच युनियनच्या सभासद नव्हत्या. विजय मिळाला, पण ज्यांच्यावर खटले झाले त्यांच्यामागे उभी राहणारी संघटित ताकद तोकडी पडली. डोंगग्वान आणि बोम्मनहळ्ळी यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण दोन्हीकडे प्रश्न म्हाताऱ्या दिवसांच्या पैशाचा होता, दोन्हीकडे कामगाराला कोणी आधी विचारले नव्हते आणि दोन्हीकडे रस्ता हेच एक व्यासपीठ उरले होते. एक फरक मात्र आहे. आपल्याकडे संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे. तो न वापरणे हा आपलाच तोटा.

त्यानंतर २०२० आले. ५ मे २०२० रोजी कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बैठक घेतली आणि परप्रांतीय मजुरांसाठी बेंगळुरूहून सुटणाऱ्या श्रमिक गाड्या नकोत, असे दक्षिण पश्चिम रेल्वेला कळवले. कामे सुरू होणार होती, मजूर हवे होते. पण त्या मजुराने घरी जायचे की नाही हे ठरवणारे इतर कोण? देशभर टीका झाली, तेव्हा दोन-तीन दिवसांत निर्णय फिरला. त्याच आठवड्यात, ८ मे रोजी, आपल्या मराठवाड्यात करमाडजवळ रुळावर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्या गाडीचा चालक आपलाच भाऊ होता. ब्रेक लावूनही गाडी थांबली नाही. दोष ना त्याचा, ना त्या मजुरांचा. ज्यांच्या पगाराची, भाड्याची आणि गाडीची सोय कोणी केली नाही, ते रुळावरून चालणार नाहीत तर काय करणार?

आणि डिसेंबर २०२० मध्ये कोलारजवळ नरसापूर येथे विस्ट्रॉन कंपनीच्या आयफोनच्या कारखान्यात मोठी मोडतोड झाली. कामगार बहुतेक कंत्राटी. कबूल केलेला पगार मिळत नव्हता, जादा कामाचे पैसे कापले जात होते, अशा तक्रारी होत्या. काही कामगारांचे पगार नीट दिले गेले नव्हते, हे कंपनीने मागाहून मान्य केले. चीनमधून कारखाने भारतात येत आहेत म्हणून आपण टाळ्या वाजवतो. काम यावे, जरूर यावे. पण तिथली रीतही जशीच्या तशी आली, तर तिथली अशांतताही मागोमाग येणार.

पुढचे संकट आणि आपले काम

पुढचे संकट केव्हा येईल हे आम्ही सांगू शकत नाही. खुणा मात्र दिसतात. चीनमध्ये २०२१ पासून घरबांधणीचा फुगा फुटू लागला. एव्हरग्रँडसारखी कंपनी कर्जात बुडाली. जुलै २०२२ मध्ये हनान प्रांतातल्या ग्रामीण बँकांचे ठेवीदार आपल्या पैशासाठी रस्त्यावर आले. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडा देणेच बंद केले. आकडा झाकला म्हणून बेकार माणूस झाकला जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातकर लावला, तेव्हा तिरुपूरपासून बेंगळुरूपर्यंत शिवणकामाच्या कारखान्यांवर संकट आले. दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे त्यातून दिसले.

मग आपण काय करायचे? आम्ही तीन कामे सांगतो.

पहिले काम, स्वतःच्या पेन्शनचा हिशेब समजून घ्या. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या आपल्या मुलांची पेन्शन नव्या योजनेने बाजाराला बांधली. २००८ मध्ये तो बाजार काही महिन्यांत अर्ध्याहून खाली आला होता, हे आताच ऐकलेत. कामगारांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना आली. तिच्यात पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीच्या निम्मे देण्याची हमी आहे. हमी हा शब्द परत आला, ही आपली कमाई. पण ती पुरी आहे का, जुन्या पेन्शनच्या तोडीची आहे का, हे प्रत्येक शाखेत कागद-पेन्सिल घेऊन बसून तपासा.

दुसरे काम, आपल्या आवारातल्या कंत्राटी कामगाराकडे पाहा. फलाट झाडणारी बाई, डबे धुणारा मुलगा, पार्सल उचलणारा हमाल, टपालाच्या पिशव्या वाहणारा रोजंदार आणि तुटपुंज्या भत्त्यावर राबणारा ग्रामीण डाक सेवक, हे सगळे आपलेच आहेत. यांतल्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळते का, त्यांच्या नावे पी.एफ. खरोखर भरला जातो का, हे दरमहा विचारा. फोनवर पासबुक कसे पाहायचे ते त्यांना शिकवा. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने भरायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. आपल्या बाबतीत मुख्य मालक म्हणजे रेल्वे आणि टपाल खाते. युए युएनच्या कामगारांना हप्ते बुडाल्याचे निवृत्तीच्या तोंडावर कळले. आपल्या माणसाला ते पुढच्या महिन्यात कळले पाहिजे.

तिसरे काम भाषेचे. आपण बेळगाव, हुबळी, सोलापूर, कोल्हापूरकडून इथे आलेली माणसे. आपणही या शहरात बाहेरून आलेलेच आहोत. इथला कामगार कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, ओडिया बोलतो. आपली पत्रके मराठीत निघतात याचा अभिमान आहेच, पण ज्याला संघटनेत आणायचे त्याच्या भाषेतही ती निघाली पाहिजेत. फूट पाडायला भाषा फार सोयीची असते, हे मालकाला आपल्याआधी माहीत असते.

बंधू-भगिनींनो, चीनने ४ लाख कोटी युआन ओतून मंदी अडवली, पण कामगाराच्या मनातली खदखद त्या पैशाने विझली नाही. बेंगळुरूच्या बायांनी दोन दिवसांत सरकारला वळवले, पण संघटना नसल्याने तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा एकेकट्या झाल्या. पगार, पुंजी आणि संघटना यांपैकी एकही सुटले तरी उरलेली दोन फार दिवस टिकत नाहीत. आपल्यापाशी आज थोडीफार तिन्ही आहेत, म्हणून आपली जबाबदारी मोठी. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने निदान दहा कंत्राटी कामगारांचे पी.एफ. पासबुक तपासून यावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!